पेट्रोलचं ग्रास कटर सोडलं, त्याला अकरा महिने झाले

जुन्या ग्रास कटरचं इंजिन आजही ठणठणीत आहे. दर वेळी दगा दिला तो पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरने. मशीन चार महिने पडून राहिलं की टाकीतलं पेट्रोल शिळं व्हायचं, कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसायचा आणि मी बाहेर उभा राहून दोरी ओढत बसायचो. चोक लाव, चोक काढ, प्लग खोलून पूस. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, हे शहाणपण यायला कार्ब्युरेटरमधले दोन डायफ्राम (पातळ पडदे) बदलावे लागले. शेवटी खांदा दुखायला लागला आणि बॅटरीवरचं मशीन आणलं.

३६ व्होल्ट, ब्रशलेस मोटर, सोबत ४ अँपिअर-आवरची एक बॅटरी. गुणाकार केला तर १४४ वॉट-आवर, म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९,००० वॉट-आवर असतात. त्यातलं बहुतेक इंजिन उष्णतेतच उधळतं, तरी फरक बॅटरीला लाजवणारा आहे आणि तो कामात जाणवतो. सुकं, विरळ गवत असेल तर चाळीस मिनिटं निघतात. पाऊस पडून गेल्यावरचं गुडघाभर ओलं गवत असेल तर वीस मिनिटांत खेळ खलास. वर गरम झालेली बॅटरी चार्जर लगेच घेतही नाही, नुसता दिवा लुकलुकत राहतो. पहिल्यांदा वाटलं, गेली कामातून. अर्धा तास सावलीत ठेवली, मग मुकाट्याने चार्ज झाली.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. ३६ आणि ४० व्होल्ट बहुतेक वेळा एकच असतं. आत दहा सेल ओळीने जोडलेले, प्रत्येक सरासरी ३.६ व्होल्टचा, म्हणून ३६. पूर्ण भरल्यावर सेल ४ च्या थोडा वर जातो, त्या हिशेबाने गोळाबेरीज ४० लिहायचं. १८ आणि २० चंही तेच, तिथे सेल पाच. खरी क्षमता वॉट-आवरमध्ये पाहा.

आणि मशीनआधी बॅटरी निवडा. एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सहसा बसत नाही, त्यामुळे पहिल्या खरेदीतच सोयरीक जुळते. माझा ब्लोअर आणि चेनसॉ याच बॅटरीवर चालतात, म्हणून हे घेतलं. ब्लोअरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, पाला उडवतो.

चेनसॉने मात्र धडा दिला. धूर नाही, वास नाही, बटण दाबलं की चालू; त्या नादात मीही त्याला मिक्सरसारखाच वागवत होतो. चेनला तेल लागतं हे डोक्यातून गेलं. एका फांदीच्या मधोमध करपल्याचा वास आला, थांबून पाहिलं तर चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीची, म्हणजे बारची, कड निळसर पडलेली आणि तेलाची टाकी कोरडी ठाक. दोष माझाच. कानसही तितकीच लागते. बोथट चेन बॅटरी डोळ्यांदेखत पिते. दुसरं असं की इंजिन चालू असलं की गुरगुरतं, हे गप्प असतं. चेनला हात लावायच्या आधी बॅटरी काढून खिशात घालायची, ही सवय आता लागली आहे.

टिकण्याचं म्हणाल तर मोटरची मला चिंता नाही, तिच्यात झिजायला कार्बन ब्रशच नाहीत. म्हातारी होते ती बॅटरी, आणि नुसती पडून राहिली तरी होते. सुरुवातीचे दोन महिने मी ती पूर्ण भरून पत्र्याखालच्या फळीवर ठेवायचो, म्हणजे भरलेली आणि वर तापलेली, दोन्ही चुका एकदम. आता अर्धी भरलेली घरात गारव्याला असते, कामाच्या आदल्या रात्री पूर्ण भरतो. दुसरी बॅटरी घ्यावीच लागली. तिची किंमत ऐकून आधी राग आला, मग घेतली.

जुनं मशीन विकलेलं नाही. लांबच्या उतारावर दोन-अडीच तासांचं सलग काम निघालं की तेच नेतो. परत आणल्यावर टाकी रिकामी करतो आणि कार्ब्युरेटरमधलं संपून बंद पडेपर्यंत चालवतो; तेव्हापासून एकदाही रुसलेलं नाही. भिंतीलगत मात्र दोन्हींची नायलॉनची तार घासून तुटते. तिथे वडिलांचा विळा. त्याची मूठ मी दोनदा बदलली, पातं तेच आहे.