पितळी रेझोनेटर, आठ महिन्यांनंतर: खडखड नेमकी कुठली होती?

मार्चमध्ये मी या रेझोनेटर गिटारला, खडखडते म्हणून, दोन तारे देऊन बरंच वाईट लिहिलं होतं. ते काढून हे टाकतोय. त्यातला अर्धा राग रास्त होता, उरलेला अर्धा चुकीच्या ठिकाणी निघाला.

गिटार कोणती ते फोटोत दिसतंयच: पितळी अंग, वर निकेलचा मुलामा, आत एकच साडेनऊ इंची कोन (आवाज मोठा करणारा शंकूसारखा पातळ पत्रा), बिस्किट ब्रिज (तारा टेकतात तो भाग). दिवाळीनंतर मुंबईच्या एका माणसाकडून वापरलेली घेतली, 48,000 ला. खोकं उघडल्यावर आईचा पहिला प्रश्न, "काऊन रे, एवढ्या पैशाचा गंज आणला?" (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घाबरू नये. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. हिला अजून तसला गंज चढलेला नाही.) मग तिनेच रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकायला लावली. चार किलोला जराशी कमी भरली.

धातूची का घेतली? कारण मागच्या मे महिन्यात माझ्या लाकडी गिटारचं पोट तडकलं. दिवसभर 45 अंशांची कोरडी हवा, रात्री कूलरचा ओलावा, लाकूड किती सहन करणार! पितळ तडकत नाही, एवढाच हिशेब होता. आवाजाचा विचार केला असता तर बहुतेक घेतलीच नसती, कारण पहिले दोन आठवडे तो मला अजिबात आवडला नाही. साधे कॉर्ड वाजवले की ताटावर चमचे पडल्यासारखं व्हायचं. सूर एकदम उसळतो आणि लगेच विझतो, लाकडासारखा रेंगाळत नाही.

मग तारा डी-जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या आणि नळाच्या दुकानातून 40 रुपयांचा पितळी पाइपचा तुकडा कापून आणून करंगळीत घातला. तयार स्लाइडला (तारेवर सरकवायच्या नळीला) आठशे का द्यायचे? त्या तुकड्याने तार दाबायची नाही, नुसती टेकवायची, अगदी फ्रेटच्या पट्टीवर. मग हीच गिटार बोलायला लागते. गंधारावरून पंचमापर्यंत मींड घेतली की मध्ये कुठेतरी माणसाच्या घशातला खरखरीतपणा ऐकू येतो. सन हाउस, बुका व्हाइट या अमेरिकन वादकांनी असल्याच धातूच्या गिटारींवर ब्लूज वाजवलं, ते उगाच नाही.

खरं कौतुक एप्रिलमध्ये कळलं. आमच्या हॉलमध्ये पत्र्याचा मोठा कूलर आहे. तो सुरू झाला की लाकडी गिटार मला स्वतःलाही ऐकू यायची नाही. ही येते. शेजारच्या काकूंनाही येते, तसं त्यांनी सांगितलंय. आणि ही जात निघाली तीही अशाच भांडणातून. 1920 च्या दशकात, ॲम्प्लिफायर येण्याआधी, बँडच्या गोंगाटात गिटार बुडून जायची. जॉर्ज बोशँप हा वादक मोठ्या आवाजाच्या मागे लागला आणि जॉन डोपेरा या कारागिराने गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ कोन बसवले. 1927 च्या नॅशनल कंपनीच्या पहिल्या गिटारींमध्ये तीन कोन असायचे, एका कोनाची स्वस्त गिटार पाठोपाठ आली. तारेची थरथर ब्रिजमधून कोनात उतरते आणि कोन स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो. म्हणजे आत वायर नसलेला लाउडस्पीकरच. त्या तीन कोनांच्या गिटारींचं अंग जर्मन सिल्व्हरचं. आईला वाटलं चांदी. त्यात चांदी नसते हो. तांबं, निकेल आणि जस्त.

आता भांडण. फेब्रुवारीत तारा बदलायला शहरातल्या एका दुकानात दिली. 600 रुपये घेतले. परत आली ती खडखडत. पाचव्या तारेवर सर्वांत जास्त, झाकणात खडा अडकल्यासारखी. दुकानदार म्हणाला, "कोन गेलाय भाऊ, बदलावा लागेल, साडेसहा हजार." मी विचारलं, बिस्किट सरकलंय का ते पाहिलंत? तर काउंटरवरचा पोरगा हसला. अरे बाबा, बिस्किट म्हणजे ब्रिजखालची लाकडी चकती!

घरी येऊन झाकणाचे नऊ स्क्रू मीच उघडले. कोन आत चिकटवलेला नसतो, तारांच्या ताणानेच आपल्या खाचेत बसून राहतो. त्या लोकांनी सगळ्या तारा एकदम काढल्या होत्या, त्यामुळे तो जागचा सरकला होता. कडेला धरून, मधे बोट न लावता (कागदासारखा दबतो) नीट बसवला, तारा चढवल्या. खडखड बंद. साडेसहा हजार वाचले.

पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू! तीच पाचवी तार, तोच सूर. ते दोन तारे मी त्या रात्री दिले होते. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन त्याच दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. दुकानदाराने गप्पपणे गिटार घेतली, पाचवी तार छेडली. स्वच्छ. पुन्हा छेडली. स्वच्छ. मी वाजवली, तरी स्वच्छ. "आणखी काही?" त्याने विचारलं.

घरी आलो, बसलो, वाजवली. खडखड. शेवटी आई म्हणाली, "त्या कूलरची जाळी वाजते रे." होळीच्या सुमारास कूलर खाली काढला होता. त्याच्या समोरच्या पत्र्याच्या पट्ट्यांपैकी खालची एक सैल. मी ते खालचं जी वाजवलं की ती पट्टी साथ द्यायची. कूलर चालू असला की त्याच्या आवाजात ते कळायचं नाही, बंद असला की गिटारच खराब वाटायची. वर्तमानपत्राची घडी खोचली, संपलं.

बाकी तक्रारी खऱ्या आहेत. उजवा हात जिथे टेकतो तिथला मुलामा घामाने काळवंडलाय, पुसून जात नाही. जानेवारीत पहाटे मांडीवर घेतली तर बर्फ. मान लाकडाचीच असल्यामुळे मेमध्ये ती आटली आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचू लागली. गरम खोलीत पाच मिनिटांत तारा उतरतात. जाड तारांचा सेट महाग पडतो.

चार तारे. पाचवा कापलाय तो फ्रेटच्या टोकांसाठी. दुकानदाराला जाळीचं अजून सांगितलेलं नाही. परवा नवा सेट आणलाय, तोही दुसऱ्या दुकानातून. रविवारी घरीच चढवीन, एक तार काढायची, एक लावायची.