चढासाठी आधी काय बदलावे: वजन, गिअर की पाय?

सपाट रस्त्यावर तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याची चढ लागताच दमछाक होऊ लागली, की त्याला तीन सल्ले हमखास मिळतात: हलकी सायकल घे, गिअर बदल, सराव वाढव. तिन्ही सल्ले खरे असले तरी त्यांचे वजन सारखे नाही, आणि सर्वांत महागडा सल्ला सर्वांत कमी फळ देतो, असे माझे मत आहे. त्यामागचे गणित सोपे आहे.

७५ किलोचा स्वार १० किलोच्या सायकलवरून ८ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर उंची, ताशी ८ किलोमीटर वेगाने चढतो आहे असे समजू. त्याला सुमारे १६० वॉट शक्ती लागते. तिच्यातील जवळजवळ १४८ वॉट केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातात, नऊएक वॉट टायरच्या घर्षणात, आणि हवेच्या वाट्याला दोन-तीन वॉटच उरतात. (त्यामुळे अशा चढावर हँडलवर ओणवे होण्यात काही लाभ नाही, ताठ बसून मोकळा श्वास घेतलेला बरा.)

ही विभागणी पाहून वजन हाच खरा शत्रू वाटतो आणि हलक्या सायकलीचा मोह होतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू शकत नाही. आपल्या स्वाराने १० किलोची सायकल सोडून नेमकी तेवढ्या वजनाची घेतली, तर ३.२ किलो वाचतील. पण चढायचे एकूण वजन ८५ किलो असल्याने ही बचत चार टक्क्यांहून कमी भरते, आणि तासाभराच्या चढणीत सुमारे सव्वादोन मिनिटे वाचतात. शर्यतीत हे अंतर मोठे आहे, पण धाप लागून मध्येच उतरावे लागणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. पाण्याच्या दोन मोठ्या भरलेल्या बाटल्याच दीड किलोच्या होतात. चाकांचे वजन चढावर दुप्पट जाणवते, ही समजूतही टिकत नाही: वेग स्थिर असताना चाकातला किलो आणि सांगाड्यातला किलो वर न्यायला सारखीच शक्ती लागते. शरीराचे वजन घटवले तर हिशेब तोच राहतो, मात्र उपाशी राहून घटवलेले वजन पायांतली शक्तीही सोबत नेते.

गिअरचा प्रश्न वेगळा आहे, कारण गिअर शक्ती वाढवत नाही. आहे ती शक्ती पायांना झेपेल अशा रूपात मागतो. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे २८ दात्यांची सर्वांत मोठी चकती असेल, तर वरच्या उदाहरणातील वेगाला मिनिटाला पेडलचे सुमारे ५२ फेरे पडतात. मागे ३४ दाते असतील तर फेरे ६३ होतात. वेग तोच, शक्तीही तीच. पण प्रत्येक फेऱ्यात पेडलवर द्यावा लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. पुढची लहान चकती ३९ दात्यांची आणि मागची मोठी २५ ची असलेल्या जुन्या शर्यती सायकलवर हेच फेरे ४१ वर येतात, आणि मांड्या भरून येऊन गुडघे कुरकुरू लागतात ते अशाच वेळी. हलक्या गिअरची लाज वाटणे ही जुनी खोड आहे. टूर द फ्रान्स या शर्यतीत व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरण्याची मुभासुद्धा १९३७ सालीच मिळाली. खरेदीपूर्वी मात्र आपला मागचा डिरेलर किती दात्यांपर्यंतची चकती पेलतो ते तपासावे, बहुधा साखळीही लांब घ्यावी लागेल हे गृहीत धरावे, आणि गिअरमधील टप्पे थोडे मोठे होतील हे स्वीकारावे.

सरावाचे फळ उशिरा येते, पण सर्वांत मोठे असते. शक्ती १० टक्क्यांनी वाढली, तर तासाच्या चढणीत पाच मिनिटांहून अधिक वाचतात, म्हणजे महागड्या सायकलीच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, २० मिनिटांचे दोन टप्पे अशा जोराने करावेत की तुटक शब्द बोलता येतील, पण सलग गप्पा मारता येणार नाहीत. दोन टप्प्यांमध्ये पाच-दहा मिनिटे अगदी हलके पेडल मारावे. जवळ चढ नसेल तर समोरून येणारा वारा चालतो. बहुतेक वेळ बसूनच चढावे, कारण उभे राहिल्यावर शरीर तोलण्यातही शक्ती खर्च होते. उभे राहणे तीव्र वळणासाठी किंवा पाठ मोकळी करण्यासाठी राखून ठेवावे, आणि तेव्हा एक गिअर जड करावा. पायथ्याशी उत्साहाने सुटणाऱ्याचा पुढचा सगळा चढ त्या पहिल्या पाच मिनिटांची परतफेड करण्यात जातो, ही चूक तर एका दिवसात सुधारता येते.

निवड करण्यापूर्वी नेहमीच्या चढावर सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाचे फेरे मोजावेत. ते ६० च्या खाली असतील आणि श्वासाआधी पाय थकत असतील, तर आधी गिअर बदलावा. फेरे ७० च्या आसपास असूनही धाप लागत असेल, तर गिअरवर खर्च करू नये. सहा ते आठ आठवडे सरावाला द्यावेत. हलक्या सायकलीचा विचार जुनी सायकल तशीही बदलायची असेल तेव्हाच करावा, आणि तेव्हाही वजनाआधी तिच्या मागच्या चकतीचे दाते मोजावेत.