‘द रिव्हरसाइड चॉसर’: निवेदकाचे मूळ शब्द जपणारी आवृत्ती

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याचा ‘कँटरबरी टेल्स’ हा यात्रेकरूंच्या कथांचा संग्रह केवळ आधुनिक इंग्रजी रूपांतरातून वाचलेल्या वाचकाने लॅरी बेन्सन यांच्या संपादनाखाली १९८७ साली प्रसिद्ध झालेली चॉसरच्या समग्र साहित्याची ही तिसरी आवृत्ती अवश्य हाती घ्यावी. प्रास्ताविकातला निवेदक थोरामोठ्यांची ओळख कशी करून देतो, हे मूळ शब्दांशिवाय नीट कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

साउथवर्कच्या टॅबर्ड सराईत उतरलेल्या यात्रेकरूंपैकी निवेदक सर्वप्रथम नाइटकडे, म्हणजे सरदार-योद्ध्याकडे, वळतो. अलेक्झांड्रिया, प्रशिया, लिथुएनिया, ग्रॅनडा अशा मोहिमा आणि पंधरा घनघोर लढाया सांगून झाल्यावर तो थांबतो, तो चिलखताचे डाग पडलेल्या जाड्याभरड्या अंगरख्यापाशी. आणि लगेच त्याच्या वीस वर्षांच्या मुलाचा, फुललेल्या कुरणासारखा भरतकाम केलेला पोशाख दाखवतो. मात्र दिवसभर गाणारा हा तरुण जेवणाच्या वेळी वडिलांपुढे मांस कापून वाढतो, हे सांगूनच त्याचे वर्णन संपते. हा नाइट म्हणजे भाडोत्री सैनिक, हा लेखक टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये मांडलेला युक्तिवाद मला पटत नाही, कारण त्या मळक्या अंगरख्याविषयी निवेदकाच्या स्वरात निखळ आदर आहे.

खरी मौज ‘वर्थी’, म्हणजे थोर किंवा लायक, या शब्दात आहे. नाइटच्या वर्णनात तो, त्याच्या भाववाचक रूपासह, पाच वेळा येतो. पुढे हाच शब्द पैशाला चटावलेल्या भिक्षूला, कर्ज लपवणाऱ्या व्यापाऱ्याला आणि बाथच्या बाईलाही लाभतो. ‘जेंटिल’ हे कुलीनतेचे विशेषण तर लाचखाऊ समनरपर्यंत, म्हणजे धर्मन्यायालयाच्या शिपायापर्यंत, पोहोचते. रूपांतरकार ओघासाठी बहुधा जागोजागी निराळा शब्द योजतो आणि निवेदकाच्या तोंडची ही उदार, सरसकट स्तुती विरून जाते.

कठीण शब्दांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी दिल्यामुळे एम.ए.च्या विद्यार्थ्यालाही मूळ ओळी वाचता येतात. विवेचक टिपा मात्र ग्रंथाच्या शेवटी, बारीक अक्षरांत आहेत. हा जाडजूड ग्रंथ हातात धरून वाचण्याजोगा नाही. तो मेजावर उघडून, टिपांच्या पानात एक खूण ठेवूनच वाचावा लागतो.