सल्फॅमिक पावडर, आठ महिन्यांनंतर: टाइल्सवर पैसे वसूल, विटांवर फजिती

गणपतीच्या आधी घेतलेली सल्फॅमिक ॲसिडची, म्हणजे पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग काढायच्या पावडरीची, एक किलोची पिशवी परवा संपली, म्हणून आता लिहायला बसले. आम्ही सोलापूरच्या जरा बाहेर राहतो, नळाला बोअरचं पाणी. तपासून घेतलं तर हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात २०० ची मर्यादा आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्यात बाथरूमला काळ्या टाइल्स घ्यायची हौस माझीच. शॉवरखालच्या तीन ओळी पिठाच्या गिरणीतून आणल्यासारख्या दिसायच्या.

याआधी बाटलीतलं बाथरूमचं ॲसिड वापरायचो. डाग जायचे, पण घरभर ठसका, आणि नळाचं क्रोम काळवंडलं ते वेगळंच. सल्फॅमिकची पावडर असते, वाफ तशी उठत नाही, वासही नाही. तरी ॲसिड ते ॲसिडच. हातमोजे आणि चष्मा घालूनच कामाला लागते, आणि ब्लीचची बाटली त्या दिवशी बाथरूमच्या बाहेर. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो.

माझं प्रमाण: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. आधी भिंत साध्या पाण्याने भरपूर ओली करायची, म्हणजे ग्राउट, टाइल्सच्या सांध्यात भरलेलं सिमेंट, ॲसिड पिऊन बसत नाही. मग द्रावण लावून दहा मिनिटं थांबायचं. बारीक फेस येतो, आणि थर खरवडला की दुधावरच्या सायीसारखा सुटतो. नळाच्या बुडाशी साचलेलं दगडासारखं कडं मात्र चार वेळा बसून काढावं लागलं. टाइल्ससाठी पैकीच्या पैकी मार्क.

ग्राउटचं तसं नाही. तिसऱ्या महिन्यात सांध्यावर बोट फिरवलं तर रेती हाताला आली. क्षार विरघळवणारं ॲसिड सिमेंटही खातं, हे मला कळत होतं, पण दर रविवारी हात शिवशिवायचे. आता सांध्यांना निम्मं प्रमाण, तीन मिनिटं, लगेच धुणं, तेही दीड-दोन महिन्यांतून एकदा. स्वयंपाकघरात इपॉक्सी ग्राउट आहे, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं, त्याला काही झालं नाही. उंबऱ्याच्या कोट्यावर एकदा मगातून ओघळ गेला. फस्स झालं, आणि बोटभर रुंदीचा पट्टा कायमचा निस्तेज. कोटा हा चुनखडीचाच दगड. मार्बल असेल तर ही पावडर घरातसुद्धा आणू नका.

आता फजिती. गच्चीच्या कठड्याला उघड्या विटा आहेत. पाऊस संपून ऑक्टोबरची उन्हं तापली आणि विटांवर पांढरी लव उगवली. सासूबाई म्हणाल्या, "लोणा लागलाय गं." मी आपली पिशवी घेऊन वर. द्रावण मारलं, पाइपने धुतलं, भिंत लालबुंद. आठवड्यात लोणा परत, पहिल्यापेक्षा दाट.

मग जरा डोकं चालवलं. ती लव चिमटीत घेऊन पाण्यात ढवळली तर विरघळली. टाइलवरची खपली पाण्यात तशीच राहते. म्हणजे विटांवरचं मीठ पाण्यात विरघळणारं. मी धुतलं तेव्हा ते पुन्हा विटेत मुरलं आणि वाळताना बाहेर आलं. ॲसिडचा काही संबंधच नव्हता.

पण मीठ कुठलं? विटा तपासायची एक साधी रीत आहे, वीट उभी करून २५ मिलिमीटर पाण्यात ठेवायची. बांधकामातल्या दोन विटा पडून होत्या. एक बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवली, दुसरी बोअरच्या. पाणी शोषून वाळल्यावर पुन्हा एकदा तेच. पहिलीच्या कडेला जेमतेम रेघ, दुसरीला पांढरी दाढी. गवंडीदादांना आणि वीटभट्टीवाल्याला उगाच शिव्या दिल्या होत्या! कठड्याला टेकवलेल्या अकरा कुंड्यांना मीच रोज बोअरचं पाणी घालत होते.

कुंड्या हातभर पुढे ओढल्या, खाली विटांचे तुकडे दिले. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून फेकला, पाणी नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा थोडा आला, पुन्हा झाडला. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात तेवढा दिसतो, तिथल्या दरजा फुटल्यात, त्या भरायच्या आहेत. दुकानदार वरून चकचकीत कोटिंग मारायला सांगत होता, ते नाही केलं. ओल आत कोंडली की मीठ विटेचे पोपडे काढतं.

बाथरूममध्ये खरा फरक पडला तो ऐंशी रुपयांच्या वायपरने. अंघोळ झाली की भिंत निपटायची; पाणी वाळलंच नाही तर क्षार उरणार कुठून? पुढची पिशवी अर्ध्या किलोची घेतली. वायपर मात्र दोन आणलेत, एक धाकट्याच्या उंचीचा.