चढावर तापणारी पिकअप आणि उद्यमनगरातील हे गॅरेज

आमच्या व्यवसायातील डिझेल पिकअप मागे जनरेटरची ट्रॉली जोडूनही महामार्गावर विनातक्रार धावते. परंतु रत्नागिरीकडून परतताना साखरप्याहून आंबा घाट चढू लागली की मधोमध उभा असलेला तापमानाचा काटा एकाएकी लाल पट्ट्यात जात असे आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, उकळून बाहेर येत असे. अन्य एका ठिकाणी थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) बदलून झाला होता, आणि त्याने फरक न पडल्यामुळे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून फेसिंग करण्याचा, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करण्याचा, सल्ला मिळाला होता. तो मोठा खर्च करण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे, म्हणून कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजमध्ये गाडी नेली.

येथील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वी बरेच प्रश्न विचारले. गाडी वेगात असताना तापते की हळू चालताना, ट्रॉली सोडल्यावर तोच चढ ती सहज चढते का, कूलंट गाडी थंड असतानाही कमी होते का, धूर पांढरा येतो का. या प्रश्नांमागे सरळ तर्क आहे. भरधाव गाडीच्या रेडिएटरवर समोरचा वारा आपोआप येतो. तरीही ती तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या किंवा वॉटर पंप यांच्याकडे संशय वळतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओझे ओढताना मात्र इंजिन पूर्ण ताकद लावत असते आणि वारा नसतो. तेथे सगळी भिस्त फॅनवर असते. आमची गाडी दुसऱ्या प्रकारची निघाली.

त्यानंतरही त्यांनी लगेच फॅन बदलला नाही, ही मला या गॅरेजची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. थंड इंजिनावर हातपंपाने दाब देऊन गळती पाहिली आणि रेडिएटरची टोपी तिच्यावर छापलेल्या दाबाला टिकते का, हेही तपासले. कोल्हापुराच्या उंचीवर साधे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. कूलंट त्याच्या कितीतरी वर द्रवरूप राहते ते मुख्यतः या टोपीने धरून ठेवलेल्या दाबामुळे, त्यामुळे एवढीशी टोपी सैल असली तरी गाडी घाटात उकळू शकते. ती ठीक होती. मग दाबमापक लावून इंजिन सुरू केले. हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पत्रा) फाटलेले असेल तर कूलंट गरम होण्याआधीच दाब झपाट्याने चढतो. येथे तसे झाले नाही. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये मिसळला तर रंग बदलणारा निळा तपासणी-द्रवही निळाच राहिला. हेड उतरवण्याचा प्रश्न तेथेच निकालात निघाला.

पुढची तपासणी ट्रॉलीसकट पन्हाळ्याच्या वाटेवरील वाघबिळाच्या चढावर झाली. स्कॅनर जोडून त्यावर प्रत्यक्ष तापमान पाहत गेलो. सपाटीवर ९० अंशांच्या आसपास असलेला आकडा चढावर १०८ पर्यंत गेला, आणि काटा मात्र मध्यावरून हलला नाही. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की तापमानाच्या मोठ्या पल्ल्यात तो स्थिर दिसतो. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच वेळी मिस्त्रींनी काचा खाली करून आवाज ऐकायला सांगितले. व्हिस्कस क्लचचा, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आतल्या सिलिकॉन तेलाने फॅनला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचचा, फॅन पकडीत आला की मोठी घरघर ऐकू येते. ती शेवटपर्यंत आली नाही.

गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून इन्फ्रारेड तापमापकाने रेडिएटरभर मोजमाप केले. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचे कमी तापमान दाखवते, म्हणून नेम काळ्या भागांवर आणि रबरी नळ्यांवरच धरला होता. ही दक्षता फार थोड्या ठिकाणी दिसते. मध्ये कोठेही थंड पट्टा सापडला नाही, म्हणजे नळ्या आतून तुंबलेल्या नव्हत्या. गॅरेजमध्ये परतल्यावर क्लचच्या तोंडाशी सिलिकॉन तेलाचे ओघळ दिसले आणि एसीचा कंडेन्सर सैल केल्यावर त्याच्या व रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ आणि उसाच्या पाचटाचा भुसा यांचा थर निघाला. हंगामात कारखान्यांच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला हे चुकत नाही, पण समोरून पाहिले तर जाळी स्वच्छच दिसते. क्लचला पकडीत आणणारी द्विधातूची गुंडाळी रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेनेच चालते. हवाच अडली तर चांगला क्लचही उशिरा पकडतो. म्हणजे नुसता क्लच बदलून अर्धेच काम झाले असते.

क्लच नवा बसवला, फटी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला बेताच्या दाबाने धुतल्या, डिस्टिल्ड पाण्यात निम्म्यास निम्मे कूलंट भरून हवा काढली, आणि पुन्हा त्याच चढावर ट्रॉलीसह नेऊन ९६ अंशांच्या वर तापमान जात नाही हे दाखवूनच गाडी ताब्यात दिली. त्यानंतर आंबा घाटात त्रास झालेला नाही.

उणिवा आहेत. निदानाचे शुल्क वेगळे घेतात आणि दुरुस्ती त्यांच्याकडेच केली तरी ते बिलातून वजा करत नाहीत. एवढ्या तपासणीनंतर ते मला गैर वाटले नाही, तरी आधी स्पष्ट सांगायला हवे होते. बिल हस्तलिखित असून त्यावर सुट्या भागाचा क्रमांक नसतो, त्यामुळे वॉरंटीसाठी तो मागून लिहून घ्यावा लागला. बसायला एक बाक आहे आणि फोन सहसा उचलला जात नाही. गाडी ओढताना तापत असेल तर ट्रॉली बरोबर न्यावी, कारण तिच्याशिवाय ते चढावरची तपासणी करत नाहीत. गल्ली अरुंद असल्याने ट्रॉली सकाळी लवकर आत घेणे सोयीचे पडते.