मेलव्हिलचं चरित्र: पार्करचं घ्यावं की डेलबॅन्कोचं?

देवमाशाच्या शिकारीवरची 'मोबी-डिक' ही कादंबरी वाचून संपली आणि हे असलं पुस्तक लिहिणारा माणूस होता तरी कसा, असा भुंगा डोक्यात शिरला, की तिचा अमेरिकन लेखक हर्मन मेलव्हिल याची दोन चरित्रं समोर येतात. हर्शेल पार्करचं दोन खंडांत आहे (१९९६ आणि २००२). प्रत्येक खंड हजार पानांच्या जरासाच अलीकडे. अँड्र्यू डेलबॅन्कोचं २००५ सालचं, एकाच खंडाचं. पार्करच्या एका खंडाच्या निम्म्यानेही भरणार नाही.

पार्कर कागदपत्रांतला माणूस. मेलव्हिल कुठल्या दिवशी कुठे होता, कोणाचं देणं थकलं होतं, सगळं त्याच्याकडे सापडतं. मेलव्हिलची बहीण ऑगस्टा हिने जपलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा १९८३ मध्ये उजेडात आला, तो त्याने पिंजून काढला. १८५३ च्या एका पत्रात त्यांची एक चुलतबहीण ऑगस्टाला सहज विचारते, 'आयल ऑफ द क्रॉस' कधी येतंय? या नावाचं पुस्तक आज कुठेच नाही. पार्करचं म्हणणं, मेलव्हिलने ते लिहून पुरं केलं होतं. छापलं गेलं नाही आणि हरवलं. म्हणजे 'मोबी-डिक'नंतरची कादंबरी 'पिएर' सपशेल आपटल्यावरही गडी गप्प बसला नव्हता. अशा अनुमानांवर डेलबॅन्कोसह काही समीक्षकांनी शंका घेतली, तेव्हा पार्कर इतका चिडला की पुढे त्याने अख्ख्या पुस्तकातून उत्तर दिलं. मला शोध पटतो, चिडणं नाही. खरी अडचण वेगळीच: पार्करला काही गाळवत नाही. नातलगांचे प्रवास आणि कादंबरीचा जन्म एकाच पट्टीने मोजले जातात.

डेलबॅन्को निवडतो. मेलव्हिलचे सासरे लेम्युएल शॉ मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश. गुलामगिरी त्यांना स्वतःला मान्य नव्हती, तरी १८५१ मध्ये पळून आलेल्या थॉमस सिम्स या गुलामाला सोडवायला त्यांनी कायद्यावर बोट ठेवून नकार दिला आणि सिम्सची रवानगी जॉर्जियाला झाली. त्याच काळात जावई 'मोबी-डिक' लिहीत होता. हा धागा हाती आला की 'मोबी-डिक'मधल्या कप्तान एहॅबमागे मुकाट जाणारे खलाशी वेगळेच दिसायला लागतात. जहाजावरच्या गुलामांच्या बंडाची मेलव्हिलची कथा 'बेनितो सेरेनो', तिच्यावरचं डेलबॅन्कोचं विवेचन तर केवळ त्यासाठी पुस्तक घ्यावं असं.

मात्र १८६६ पासूनची कस्टम्समधल्या नोकरीची एकोणीस वर्षं, १८६७ मध्ये घरातच गोळी लागून गेलेला मुलगा माल्कम, या सगळ्यावरून तो भरभर जातो. तिथे पार्करचा दुसरा खंडच हवा.

विकत घ्यायचं तर डेलबॅन्को. पार्कर ग्रंथालयातून आणावा. प्रबंध लिहिणार असाल तर मात्र त्याला पर्याय नाही. आणि पहिल्या खंडाची निदान शेवटची पानं चुकवू नका: नोव्हेंबर १८५१, लेनॉक्समधलं हॉटेल, जेवणाचं टेबल, आणि ज्याला अर्पण केली त्या लेखकमित्र हॉथॉर्नच्याच हातात मेलव्हिल कोरी करकरीत 'मोबी-डिक' ठेवतोय.