फोटो दुसऱ्याच्या घराचे, पैसे आमचे

आम्हाला गंडवणाऱ्या डेकोरेटरने आधी पैसे मागितलेच नाहीत. आधी मागितले फोटो. "तुम्हाला आवडलेल्या खोल्या, रंग, कपाटं, जे काही साठवून ठेवलं असेल ते सगळं पाठवा. आवड कळली की काम सोपं होतं," असं म्हणाला. आता नवीन घरात सामान लावता लावता माणूस दुसरं काय करत असतो? रात्री सगळं आवरलं की पिंटरेस्ट, इन्स्टाग्राम उघडायचं आणि आवडेल ते साठवत बसायचं. आमच्याकडेही भलामोठा साठा झाला होता. फिकट हिरवी कपाटं, लाकडी पट्ट्यांची भिंत, खिडकीतली बसायची जागा. सगळा पाठवून दिला.

काही दिवसांनी त्याच्याकडून 'आमची आधीची कामं' म्हणून फोटो आले. काय सांगू, अगदी आमच्या मनातलंच! तोच हिरवा, तशीच खिडकी. "या माणसाची आणि आपली आवड जुळते," असं हे म्हणाले आणि मलाही ते पटलं. जुळणारच होती की! आपल्या आवडीचे फोटो हातात आल्यावर त्यांच्यासारखे आणखी शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. पिंटरेस्टवर तर प्रत्येक चित्राखाली तशाच चित्रांची रांग लागलेली असते. त्यातली बरी दिसतील ती उचलायची, कोपऱ्यात आपला लोगो चिकटवायचा, झालं 'आधीचं काम'. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. समोरच्याची कामं आधी बघा, आपले फोटो नंतर दाखवा. हा क्रम उलटा करायला सांगणारा माणूस दिसला की सावध व्हा.

हे उघडकीला आलं ते माझ्या नणंदेमुळे. ती विजेच्या कामातली. फोटो चाळता चाळता म्हणाली, "वहिनी, ही घरं एका देशातली तरी आहेत का? सॉकेट बघा ना." आम्ही फोटो मोठे करून पाहिले. एकात भिंतीवरच्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी. दुसऱ्यात गोल खळगा आणि त्यात दोन भोकं. तिसऱ्यात तीन चौकोनी भोकं. तिन्ही घरं म्हणे एकाच शहरात, एकाच वर्षी केलेली! मग तिने लोगोचा कोपरा कापून उरलेला फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून तसाच फोटो शोधून देणाऱ्या साधनावर, टाकला. आमचं ते लाडकं हिरवं स्वयंपाकघर एका फर्निचर कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधलं निघालं.

शोध घेताना एक चलाखी ध्यानात ठेवा. काही जण फोटो आरशातल्यासारखा उलटा करून लावतात, त्यामुळे शोधात मूळ फोटो सहज सापडत नाही. आपणही तो एकदा उलटा करून शोधावा. एआयने बनवलेलं चित्र मात्र असं सहसा सापडणार नाही, कारण ते घर मुळात नाहीच. 2022 पासून ही साधनं कोणाच्याही हातात आली आहेत. तिथे बारकावे बघायचे. कधी पुस्तकांच्या पाठींवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात, कधी ड्रॉवरच्या फटी मध्येच विरून जातात, कधी समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून एकाच वेळी ऊन आत येतं. थ्रीडी रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर बनवलेल्या खोलीच्या चित्रात, स्विचबोर्ड, वायर आणि भिंतीतल्या भेगा सहसा नसतात. रेंडर दाखवणं हा काही गुन्हा नव्हे, सगळेच डिझायनर दाखवतात. पण ते 'झालेलं काम' म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे.

नणंदेने हे दाखवलं तोवर मोठी रक्कम गेली होती. आधी डिझाइन फी, मग 'मटेरियल बुक करायचंय, भाव वाढणार आहेत' म्हणून निम्मी रक्कम, मग माल यायच्या आदल्या दिवशी आणखी एक हप्ता. कोटेशन चांगलं जाड होतं, रंगीत फोटोंनी भरलेलं. मजकूर म्हणाल तर 'प्रीमियम बोर्ड' आणि 'फोटोप्रमाणे फिनिश'. आमचा सगळा घात या चार शब्दांत होता. पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला एमडीएफ आणि लाकडाचे कण दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, तिन्ही बोर्डच. फोटो तर फक्त पृष्ठभाग दाखवतो. वरून तेच लॅमिनेट, म्हणजे सनमायकासारखा पातळ थर, लावलं की आत काय आहे ते फोटोवरून ओळखता येतच नाही. माल आला तोही लॅमिनेट लावून, सगळ्या कडा पट्टीने बंद करूनच. चकाचक!

बेसिनखालच्या कपाटाला पाइपसाठी भोक पाडायला प्लंबरने ड्रिल लावलं आणि खाली सांडला तो नुसता भुसा. प्लायचं भोक नीट पाहिलं तर त्यात आडवे-उभे पातळ थर दिसतात. इथे थर नव्हतेच, गोंदात दाबलेले लाकडाचे कण होते. पार्टिकल बोर्ड. प्लंबरने एकदा भोकाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि भोकाच्या कडेला सिलिकॉन भरून दिलं. त्याने काय होणार? पाण्याच्या जागी हा बोर्ड टिकत नाही. ओल शिरली की फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. आमच्या कपाटाचा तळ पहिल्याच गळतीत पाव रोटीसारखा फुगला, कडेची पट्टी सुटली, आणि बिजागरीचे स्क्रू हाताने ओढले तरी बाहेर येऊ लागले.

पार्टिकल बोर्ड वाईटच असतो असं मी म्हणत नाही. कोरड्या खोलीत, हलक्या सामानाच्या कपाटाला तो चालतो आणि स्वस्तही पडतो. पण मग पैसेही त्याचेच घ्यावेत. कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूसमोर बोर्डाचा प्रकार, जाडी (18 मिलिमीटर की कमी), लॅमिनेटची जाडी, बिजागरीची कंपनी असं लिहून घ्या. लॅमिनेट दोन्ही बाजूंनी आहे का तेही विचारा. एकाच बाजूला लावलं तर बोर्ड वाकायची भीती असते. आणि माल घरात घेण्याआधी कडेची पट्टी न लावलेला एक तुकडा मागा. कापलेली कड कधी खोटं बोलत नाही, फोटो बोलतो. 'तुकडा शिल्लक नाही' असं उत्तर आलं तर माल उतरवूनच घेऊ नका.

याशिवाय झालेलं एखादं घर प्रत्यक्ष बघायला मागा. शक्यतो लोक राहू लागून वर्ष उलटलेलं, आणि तिथे सिंकखालचं कपाट उघडून बघा. जायला जमत नसेल तर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत न थांबता काढलेला व्हिडिओ मागा, त्याच घराचे काम चालू असतानाचे फोटोही मागा. ज्याने काम केलंय त्याच्या फोनमध्ये अर्धवट कपाटं, भुशाने भरलेली फरशी, चहा पिणारे कारागीर यांचे ढिगाने फोटो असतात. आमच्या माणसाकडे असा एकही नव्हता. विचारलं तर म्हणाला, "क्लायंटच्या प्रायव्हसीचा प्रश्न असतो." सजवलेल्या बेडरूमचे फोटो जगाला दाखवताना प्रायव्हसी आड येत नाही, रंधा मारलेल्या फळीच्या फोटोलाच येते!

फोटोत खोली मोठी दिसते ती वाइड अँगल लेन्समुळे, आणि भिंतीचा रंग ऊबदार दिसतो तो बहुधा 2700 किंवा 3000 केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप) पिवळसर दिव्यांमुळे. घरी 6500 केल्व्हिनचा पांढरा दिवा असेल तर तोच रंग निस्तेज वाटतो. याला फसवणूक म्हणता येणार नाही, पण फसवणारे याच फरकाचा आडोसा घेतात. आमच्या कपाटांचा रंग उघड उघड वेगळा आला, तेव्हा त्याने दिव्यांकडे बोट दाखवलं. रंगाचा नंबर कोटेशनवर असता तर ही पळवाट राहिली नसती.

शेवटचा हप्ता आम्ही अडवून धरला. त्यावर आधी गोड बोलणं, मग 'माझे कारागीर उपाशी आहेत', मग फोन बंद. काही आठवड्यांनी त्याचं खातं नव्या नावाने, नव्या लोगोने दिसू लागलं. खाली फोटो तेच.

असं कोणाच्या वाट्याला आलंच तर भांडणाआधी पुरावा जमवा. खात्याचे, संदेशांचे, कोटेशनचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या, कारण नाव बदलताना जुन्या पोस्ट उडवल्या जाऊ शकतात. फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं लगेच संदेशात लिहून पाठवा, समोरच्याचं नुसतं 'ओके' आलं तरी ते पुढे कामी येतं. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेला ताबडतोब कळवा, व्यवहारावर हरकत घ्यायला मुदत असते. रोख दिली असेल तर पावती. आमच्या पहिल्या दोन हप्त्यांची पावती आहे, तिसऱ्याची त्याने 'उद्या देतो' म्हणत दिलीच नाही. तक्रारीत तेवढीच रक्कम सिद्ध करायला जड जातंय. अडवलेल्या हप्त्यातून एका सुताराकडून बेसिनखालचं कपाट प्लायमध्ये नव्याने करून घेतलं, दारं जुनीच ठेवून. बाकीची कपाटं अजून कोरडी आहेत.